पावती फाटली, पण दिवा कुणी पाहिला?



गळीत हंगाम सुरू झाला, की रस्त्यावर दोन गोष्टी एकदम दिसू लागतात. एक, उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग. आणि दुसरी, नाक्यावर त्या रांगेची वाट पाहत उभे असलेले वायुवेग पथक. आज मला दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे. पण पहिलीबद्दल कबुली दिल्याशिवाय तो अधिकार मला पोचत नाही. म्हणून आधी कबुली.

माझ्याकडे एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. दोन्ही ट्रॉल्या गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात बांधलेल्या. त्यातल्या एकीच्या फळ्या मी नंतर वाढवून घेतल्या आणि साटा हातभर मागे काढला. खेपेमागे टनभर ऊस जास्त बसला, तर डिझेलचा खर्च निघतो, एवढाच हिशेब. २०२१-२२ च्या हंगामात ही ट्रॉली दोनदा अडवली गेली. पहिल्यांदा फळ्या वाढवल्या म्हणून, दुसऱ्यांदा ट्रॉलीचा कागद नाही म्हणून. दोन्ही वेळा पावती फाटली, मी पैसे भरले आणि ट्रॉली पुढे गेली. दोन्ही वेळा साहेबांनी फळ्यांची उंची पाहिली, कागद मागितला. मागे जाऊन टेल लॅम्प लागतो की नाही, हे एकदाही कुणी पाहिले नाही. तो दिवाळीपासून लागत नव्हता. वायर तुटली होती. उद्या जोडू म्हणता म्हणता जानेवारी उजाडला.

जानेवारीतल्या एका रात्री त्या ट्रॉलीचे टायर फुटले. ड्रायव्हरने ती रस्त्याच्या कडेला उभी केली आणि तो जॅक आणायला वस्तीवर गेला. दूध घालून मोटारसायकलवरून घरी निघालेला शेजारच्या वाडीतला एक पोरगा अंधारात मागून येऊन आदळला. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

ट्रॅक्टरचा विमा होता. ट्रॉलीची नोंदही नव्हती आणि विमाही नव्हता. विमा कंपनीने अंग काढून घेतले. दाव्याच्या तारखा पडत राहिल्या. शेवटी मी वीस गुंठे विकले आणि त्या घराचे देणे दिले. उपकार केले नाहीत, देणे होते ते दिले. तो पोरगा आता घरच्या घरी दुधाचे संकलन करतो. एकदा हिशेबाला बसलो असताना त्याने मला विचारले, "काका, तुमची ट्रॉली त्या साली दोनदा पकडली होती ना? मग तरी मला ती कशी काय सापडली?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. अजूनही पुरते नाही. पण त्याच प्रश्नावरून हा लेख लिहितो आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्यापैकी बहुतेकांना हा कायदा फक्त पावतीवरच्या कलमापुरता माहीत असतो. तो नीट समजून घेऊ.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. अंमल १ जुलै १९८९ पासून. त्याचे ५२ वे कलम बदल केलेल्या वाहनांचे आहे. कारखानदाराने वाहनाचा जो तपशील दिला आणि आर.सी. बुकावर जो लिहिला, त्याच्याशी मेळ राहणार नाही असा कोणताही बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. सी.एन.जी. किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मंजूर किट बसवण्याची सवलत आहे, तीही नियमांच्या अटी पाळून. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम आणखी घट्ट केले. राज्याचे नियम काहीही म्हणोत, कारखानदाराच्या मूळ तपशिलात बदल चालणार नाही, असा तो निकाल.

त्याच वर्षी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. १८२-अ हे नवे कलम आले. परवानगीवाचून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा. फळ्या वाढवल्या हा एक बदल, साटा लांबवला हा दुसरा, हुक बदलला हा तिसरा, असे मोजत गेले तर ट्रॉलीच्या किमतीचा आकडा दंडातच गाठता येईल.

आता याच कायद्याचे १९० वे कलम पाहा. वाहनात धोकादायक दोष आहे हे माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळले असते अशा स्थितीत, ते रस्त्यावर आणणाऱ्याला शिक्षा काय? १,५०० रुपये दंड. अपघात होऊन कुणाला इजा झाली, तरच पुढे तीन महिन्यांची कैद किंवा ५,००० रुपयांची गोष्ट येते.

दोन्ही कलमे शेजारी ठेवा. फळी वाढवली तर ५,००० रुपये आणि सहा महिने. दिवा विझलेला, ब्रेक तुटलेला, पिन झिजलेली, तर १,५००. माझ्या ट्रॉलीचे दोन्ही गुन्हे होते. त्या पोराचा पाय वाढवलेल्या फळीने गेला नाही, विझलेल्या दिव्याने गेला. पण कायद्याच्या तराजूत फळी जड आहे आणि दिवा हलका. मग नाक्यावरचा साहेब फळीच मोजणार. त्याला दोष देऊन काय उपयोग? तराजूच तसा बनवला आहे.

वाहनात बदल का होतात?

शहरातल्या माणसाला वाटते, वाहनात बदल म्हणजे हौस. रुंद टायर, चमचमते दिवे, फटफट आवाजाचा सायलेन्सर. असले सायलेन्सर पोलिसांनी चौकात मांडून रोलरखाली चिरडले, तर माझी तक्रार नाही. आजारी माणसाच्या घरावरून रात्री बारा वाजता तो आवाज जातो, तेव्हा स्वातंत्र्याच्या गप्पा मला सुचत नाहीत.

गावात बदल होतो तो गरजेपोटी. कंपनीने बनवलेले वाहन सगळ्या देशासाठी एकाच मापाचे असते. आपली वाट, आपला उतार, आपला माल त्या मापात बसत नाही. म्हणून कुणी छोट्या ट्रॅक्टरला टायरगाड्या जोडून 'अंगद' करतो, कुणी जुन्या जीपचा टप काढून भाजीच्या पाट्या ठेवायला हौदा करतो, कुणी मोटारसायकलच्या मागे कोळपे लावतो. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात बुलेट मोटारसायकलला मागे दोन चाके आणि अवजारे जोडून नांगरणी-कोळपणीचे यंत्र केले. त्याला पुढे पेटंट मिळाले, सन्मान मिळाला. बैलजोडी परवडेना तेव्हा शेतकऱ्याच्या डोक्यातून ते निघाले, कुठल्या संशोधन संस्थेतून नव्हे.

२०२१ च्या डिसेंबरात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून, पायाने किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. तिचे चित्रण देशभर गाजले. एका मोठ्या मोटार कंपनीच्या प्रमुखांनी तिचे कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले की नियमात बसत नसल्याने अधिकारी ही गाडी आज ना उद्या थांबवतील. म्हणून ती मला द्या आणि बदल्यात माझ्या कंपनीची नवी गाडी घ्या. कारागिराला नवी गाडी मिळाली, आनंद झाला. पण त्या गोष्टीतला अर्थ पाहा. या देशात अंगच्या कसबाने गाडी बनवली तर तिची जागा प्रदर्शनात. रस्त्यावर मात्र कारखान्याचीच.

यावर सरकारचे उत्तर तयार असते: नमुना तपासून घ्या, मंजुरी घ्या. नियमाप्रमाणे प्रत्येक वाहनाचा नमुना ठराविक संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. त्यातल्या तीन तर आपल्याच राज्यात आहेत, दोन पुण्यात आणि एक नगरला. पण ही सोय वर्षाला हजारो वाहने काढणाऱ्या कारखानदारासाठी आहे. हंगामात पाच ट्रॉल्या बांधणाऱ्या आपल्या वेल्डरने तिथे जाऊन काय करावे? त्याचा नमुना म्हणजेच त्याचा माल. परिणाम असा की ट्रॉली चांगली बांधली काय आणि वाईट बांधली काय, कागदाच्या दृष्टीने दोन्ही बेकायदाच. मग चांगली बांधण्याचा खर्च कोण करील? जिथे प्रामाणिक आणि लबाड यांना एकच पावती फाटते, तिथे लबाडीला बाजार आपोआप मिळतो.

एकच ट्रॉली, तीन नावे

आणखी एक गोंधळ पाहा. केंद्राच्या नियमांनी शेतीच्या ट्रॅक्टरला 'बिगर-वाहतूक' वाहन म्हटले आहे. २०१७ मध्ये ही सवलत काढून ट्रॅक्टरला मालवाहू वाहनांच्या रांगेत बसवण्याचा घाट घातला गेला होता. देशभरातून विरोध झाल्यावर तो मागे पडला. दुसरीकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की माल वाहण्यासाठी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, की ती जोडी मालवाहू वाहन ठरते आणि तिला परवाना लागतो. आणि व्याख्येप्रमाणे ट्रॉली ही स्वतःसुद्धा 'मोटार वाहन' आहे, तिला मोटार नसली तरी.

म्हणजे सकाळी शेणखत घेऊन रानात जाणारी ट्रॉली शेतीची. दुपारी तीच ट्रॉली कारखान्याशी केलेल्या करारावर शेजाऱ्याचा ऊस नेते तेव्हा व्यापारी. रात्री रिकामी परत येते तेव्हा ती कोण, हे नाक्यावर ठरते. जिथे कायद्याचा अर्थ नाक्यावर ठरतो, तिथे तोडपाणीही नाक्यावरच होते. हे कुणाच्या स्वभावाचे दूषण नाही, व्यवस्थेचा गुण आहे.

या गोंधळाची सगळ्यात मोठी किंमत मजूर भरतो. ट्रॉलीत बसून कामाला जाणारा मजूर अपघातात सापडला, तर त्याची भरपाई कोण देणार? २००७ मध्ये असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ट्रॉलीचा विमा नव्हता. कायद्याने विमा कंपनी बांधील नाही, असेच न्यायालयाला म्हणावे लागले. मजुराची दैना पाहून न्यायालयाने आपला खास अधिकार वापरला आणि कंपनीने आधी पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. प्रत्येक तोडणी मजुराला दिल्लीपर्यंत जाता येत नाही आणि प्रत्येक मालकाकडे वसूल होण्याइतके रानही नसते.

तपासणी होते म्हणजे काय होते?

कुणी म्हणेल, दंड कमी-जास्त असेल, पण निदान फिटनेसची तपासणी तरी होते ना? मालवाहू आणि प्रवासी वाहनांची होते. कशी होते, तेही पाहू.

पुण्यातल्या एका नागरिकाने या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्यातून एक साधी गोष्ट उजेडात आली. ब्रेक तपासायचा तर गाडी पळवून थांबवून पाहावी लागते, आणि त्यासाठी २५० मीटरचा सरळ पट्टा लागतो. राज्यातल्या कितीतरी परिवहन कार्यालयांकडे असा पट्टाच नव्हता. तरीही वर्षानुवर्षे फिटनेसचे दाखले निघत होते. शेवटी २०१७ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले की पट्टा नाही तिथे पासिंग बंद करा. विचार करा. रस्ता न देता धावण्याची परीक्षा घेतली आणि सगळे पास झाले!

त्यानंतर यंत्रावर तपासणीचे पर्व आले. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्राने अधिसूचना काढली: जड वाहने १ एप्रिल २०२३ पासून आणि मध्यम व हलकी मालवाहू-प्रवासी वाहने १ जून २०२४ पासून स्वयंचलित केंद्रावरच तपासायची. केंद्रे उभी राहिली नाहीत, म्हणून मुदत १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ढकलली. माझा यंत्राला विरोध नाही. यंत्र चहापाणी मागत नाही. पण केंद्र जिल्ह्याच्या गावी आणि गाडी डोंगरापलीकडच्या वाडीत, अशी व्यवस्था झाली, तर एक दिवसाचे भाडे बुडवून, डिझेल जाळून, रांगेत उभे राहणे हाच नवा दंड होईल. मग एजंट आहेच. तो गाडीवाचून पासिंग कसे होते, ते सांगेल.

फीचेही तसेच. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० केली. जुनी गाडी रस्त्यावरून जावी, हा त्यामागचा हेतू उघड आहे. पण गावात जुनी गाडी ठेवणारा हौशी नसतो. त्याला नवी परवडत नाही म्हणून त्याने जुनी ठेवलेली असते. ही फी भरून त्याच्या गाडीचा ब्रेक सुधारत नाही. फी चुकवण्यासाठी तो नोंदणीच सोडून देतो आणि गाडी कायद्याच्या नजरेआड जाते. ज्या तपासणीने गाडी नजरेसमोर राहायला हवी, तीच तिला अंधारात ढकलते.

मग तपासणीच नको का?

आपल्यातले काही मित्र इथे टाळी देतील आणि म्हणतील, म्हणजे इन्स्पेक्टर नकोच! मी त्यांच्याबरोबर एवढ्या लांब येत नाही.

माझ्या रानात मी ट्रॅक्टरला काय जोडतो, हा माझा प्रश्न. तिथे सरकारने नाक खुपसू नये. पण माझी ट्रॉली डांबरी रस्त्यावर आली, की तो प्रश्न दूध घालून परत येणाऱ्या पोराचाही होतो. आपण बाजाराचे स्वातंत्र्य मागतो, ते दुसऱ्याच्या पायावरून चाक नेण्यासाठी नव्हे. ज्याची चूक त्याने भरावी, हे तत्त्व सरकारला लावायचे आणि स्वतःला लावायचे नाही, हा दुटप्पीपणा शेतकऱ्याला शोभत नाही.

घरगुती सिलिंडर गाडीत उलटा लावून चालवणारे आपल्याच गावात आहेत. सी.एन.जी. किटची टाकी दर तीन वर्षांनी दाबाखाली तपासून घ्यायची असते, तिची तारीख उलटून गेली तरी कुणी पाहत नाही. वडापच्या जीपला मागे लोखंडी फळी जोडून तिच्यावर पोरे उभी करणारेही आपलेच. राजस्थानातील 'जुगाड' गाड्यांबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती मोटार वाहनेच आहेत आणि नोंदणी-विम्यावाचून ती रस्त्यावर येऊ शकत नाहीत. हा निकाल ऐकून राग येतो. पण त्या गाडीखाली सापडलेल्या माणसाच्या घरी बसून तो वाचला, की वेगळा वाटतो.

तेव्हा तपासणी हवी. प्रश्न असा आहे की ती कागदाची हवी की ब्रेकची?

दुसरीकडे काय केले?

स्वीडन हा थंडीचा, मोठाल्या शेतांचा देश. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टर परवडेनात, तेव्हा त्यांनी जुन्या मोटारी कापून ट्रॅक्टर केले. सरकारने त्यांना चोर ठरवले नाही, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग केला. आजही तिथे बदल केलेल्या मोटारीला 'ए-ट्रॅक्टर' म्हणून रस्त्यावर जागा आहे. वेग ताशी ३० किलोमीटरला बांधलेला, आणि मागे सावकाश वाहनाची त्रिकोणी खूण सक्तीची. पंधरा वर्षांची पोरे त्या चालवतात, तेव्हा अपघात होऊ लागले. म्हणून २०२३ मध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला सीट आणि पट्टा बंधनकारक केला. धोका दिसला तिथे नियम कडक केला, पण वाहनच बेकायदा ठरवून हात झटकले नाहीत.

जर्मनीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथे वाहने तपासणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्यांचे मूळ सरकारी खात्यात नाही. १८६५ मध्ये मानहाइम गावी एका दारूभट्टीचा बॉयलर फुटला. दुसऱ्या वर्षी बॉयलरच्या मालकांनीच एकत्र येऊन आपापले बॉयलर तपासून घेण्यासाठी संघ काढला. इन्स्पेक्टर येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पुढे मोटारी आल्या, तेव्हा अशाच संघांकडे मोटारींची तपासणी आली.

आपल्या कायद्यातही फट आहे, ती दार करता येईल. अपंग माणसाच्या गरजेप्रमाणे वाहन बदलले, तर आधी बदल आणि नंतर मंजुरी घेण्याची मुभा २०१९ च्या दुरुस्तीने दिली आहे. त्याच दुरुस्तीने केंद्र सरकारला बदलांचे निकष ठरवण्याचा अधिकार दिला, आणि त्या निकषांत बसणारा बदल केला म्हणून कारखानदाराची हमी रद्द होणार नाही, असेही लिहिले. २०२१ च्या फेब्रुवारीत खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी डिझेलचा सी.एन.जी. केलेला ट्रॅक्टर दिल्लीत थाटाने लोकांपुढे आणला. म्हणजे बदल हे पाप नाही, हे सरकारलाही मान्य आहे. मंत्र्याच्या ट्रॅक्टरला जे मान्य, ते गावच्या ट्रॉलीला का नाही?

मागायचे काय?

एक: ट्रॉलीच्या बांधणीचे साधे निकष मराठीत छापून प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात पोचवावेत. आखाची जाडी, हुक आणि पिन, फळ्यांची उंची, दिव्यांची जागा. त्या मापात बांधलेली ट्रॉली तालुक्याच्या कॅम्पमध्ये आणून पाहून नोंदवून घ्यावी. नमुना तपासायला पुण्याला धाडू नये.

दोन: आज ज्या हजारो ट्रॉल्या नोंदणीवाचून फिरत आहेत, त्यांना एका हंगामाची मुदत देऊन, जुना दंड न लावता नोंदवून घ्यावे. नोंदणी झाली तर विमा होईल, विमा झाला तर मजुराला आणि वाटसरूला भरपाई मिळेल. सरकारचा महसूल ही या कामातली शेवटची गोष्ट असावी.

तीन: तपासणी हंगामाच्या आधी, कारखान्याच्या वजनकाट्यावर व्हावी. तिथे सगळ्या ट्रॉल्या येतातच. तालुक्याच्या आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा विभाग असेल, तर त्यालाही दाखला देण्याचा अधिकार असावा.

चार: नापास केले तर कारण लेखी द्यावे. दोष दुरुस्त करून आणला, तर पुन्हा फी घेऊ नये.

पाच: दंडाचा तराजू सरळ करावा. ज्या दोषाने माणूस मरतो, त्याचा दंड सगळ्यात मोठा. ज्याने फक्त कागद चुकतो, त्याचा सगळ्यात छोटा.

आणि द्यायचे काय?

मागण्यांची यादी करणे सोपे असते. आपण तिथेच थांबलो, तर सरकारात आणि आपल्यात फरक काय? म्हणून माझी सूचना अशी की, येत्या जिल्हा बैठकीत मागण्यांच्या ठरावाबरोबर स्वतःसाठीही एक ठराव व्हावा.

मागे लाल रिफ्लेक्टर आणि पेटता दिवा असल्याशिवाय आपली ट्रॉली सूर्य मावळल्यावर रस्त्यावर येणार नाही. रस्त्यात बंद पडली, तर माणूस तिथून हलणार नाही. मागे दगड नव्हे, त्रिकोण ठेवला जाईल. पिनेबरोबर साखळी असेल. भरलेल्या उसावर मजूर बसणार नाहीत. दर हंगामाच्या तोंडावर गावातले ट्रॅक्टरमालक एका रविवारी एकत्र जमतील आणि एकमेकांच्या ट्रॉल्या तपासतील. आपली आपण नव्हे, शेजाऱ्याची. आपल्या ट्रॉलीचा विझलेला दिवा आपल्याला दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

याला खर्च किती? रिफ्लेक्टर, वायर, एक बल्ब, दोन हात साखळी. एका पावतीच्या पैशात सगळे होऊन काही उरेल. हे आपण केले, तर मागण्यांची यादी घेऊन साहेबापुढे उभे राहताना मान वर राहील. ट्रॉली दाखवून म्हणता येईल, आम्ही दिवा लावला आहे, आता तुम्ही तराजू सरळ करा.

त्या पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सरकारने द्यायचे आहे, कारण त्याने दोनदा माझी ट्रॉली पकडली आणि दोनदा दिवा न पाहता सोडली. उरलेले अर्धे मी द्यायचे आहे. माझ्या अर्ध्यासाठी मला कुठल्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. या हंगामात माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना मागे चार दिवे आहेत, आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी तोच पोरगा काठी टेकत येऊन ते पेटतात की नाही, हे पाहून जातो. त्याची पावती फाटत नाही. पण आजवर झालेल्या तपासण्यांत मला खरी वाटलेली तपासणी तेवढी एकच.

— एक ट्रॅक्टरमालक शेतकरी